शेजारचा त्रास थांबतच नाहीये, कोणाकडे जायचं? इंग्लंड-वेल्समधल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या किंवा भाड्याने राहणाऱ्या आपल्या लोकांकडून हे प्रश्न सारखे येतात, आणि जवळजवळ सगळेच फार उशिरा विचारतात. म्हणजे रात्रीची झोप उडालेली असते, पोरांचं बागेत खेळणं बंद झालेलं असतं, घर बदलायचं जवळपास ठरत आलेलं असतं आणि तोपर्यंत कुठेही एकसुद्धा लेखी तक्रार गेलेली नसते. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: तक्रारी करूनही काही होत नसेल तर पोलिस, कौन्सिल (म्हणजे इथली नगरपालिका), हाउसिंग असोसिएशन (कमी भाड्यात घरं देणारी संस्था) सगळ्यांनी एकत्र बसून आमची केस पुन्हा तपासा, अशी मागणी करायचा कायद्याने दिलेला हक्क तुम्हाला आहे. त्याला एएसबी केस रिव्ह्यू म्हणतात (एएसबी म्हणजे अँटी-सोशल बिहेवियर, इतरांना त्रास होईल असं वागणं), पूर्वी कम्युनिटी ट्रिगर म्हणायचे. तो मागायचा असतो, आपणहून कोणी देत नाही.

अँटी-सोशल बिहेवियर म्हणजे नक्की काय काय धरतात?

हा हक्क ज्या २०१४ च्या कायद्यात आहे, त्यात व्याख्या बरीच मोकळी आहे. ज्या वागण्याने कोणालाही छळ, भीती किंवा मनस्ताप झाला किंवा होण्याची शक्यता आहे ते सगळं, शिवाय स्वतःच्या घरात राहताना ज्याने उपद्रव होतो तेही. म्हणजे रोज रात्री दोनपर्यंत दणादण म्युझिक, दारावर लाथा, खिडकीवर अंडी, बागेत कचरा फेकणं, येता-जाता शिव्या, धमक्या, जिन्यात गांजा ओढत बसणारं टोळकं, कोणी मागे लावलेला मोकाट कुत्रा, शेजारच्या घरात चालणारा ड्रग्जचा धंदा. यातल्या काही गोष्टी सरळ सरळ गुन्हा आहेत, काही नाहीत, पण तो फरक तुम्ही करत बसू नका, ते पोलिसांचं आणि कौन्सिलचं काम आहे.

काय धरत नाहीत तेही सांगते म्हणजे उगाच अपेक्षा नको. तान्हं बाळ रडणं, वरच्या मजल्यावर चालण्याचा आवाज, दिवसा चालणारं वॉशिंग मशीन, घरासमोर लावलेली गाडी (ड्राइव्हवे अडवला असेल तर गोष्ट वेगळी), मुलं रस्त्यावर बॉल खेळतायत, अशा गोष्टींत सहसा कोणी हात घालत नाही. इथली जुनी घरं लाकडी जमिनीची, पातळ भिंतींची असतात त्यामुळे आवाज खूप येतो आणि तो त्रास खराच असतो, पण त्यात समोरच्याचा दोष नसतो.

पोलिसांकडे जाऊ, कौन्सिलकडे जाऊ की घरमालकाकडे?

जिवाला धोका असेल, आत्ता या क्षणी मारामारी चालू असेल, कोणी दार तोडत असेल तर ९९९. बोलायला भीती वाटत असेल तर मोबाईलवरून ९९९ लावून विचारल्यावर ५५ दाबायचं, म्हणजे कॉल पोलिसांकडे जातो. धोका टळलाय पण पोलिसांना कळायला हवं अशा गोष्टींसाठी १०१, किंवा पोलिसांच्या वेबसाइटवरचा फॉर्म. १०१ वर कधीकधी खूप वेळ ताटकळत ठेवतात, फॉर्म मला जास्त बरा वाटतो कारण त्याची लेखी प्रत आपल्याकडे राहते. भारतातून आलेल्या आई-बाबांना एवढं नक्की सांगून ठेवा की इथे १०१ म्हणजे अग्निशमन दल नाही, आग लागली तरी ९९९ च.

आवाज, कचरा, धूर, घाण हे कौन्सिलचं काम, त्यातही आवाजाचं बहुतेक ठिकाणी एन्व्हायर्नमेंटल हेल्थकडे आणि बाकीचं कम्युनिटी सेफ्टी किंवा एएसबी टीमकडे. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट असे दोन कौन्सिल जिथे आहेत तिथे या गोष्टींसाठी डिस्ट्रिक्ट किंवा बरोकडे जायचं, काउंटीकडे नाही. आणि त्रास देणारा माणूस कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात राहत असेल तर त्या घरमालक संस्थेकडे जायलाच हवं, कारण भाडेकराराच्या अटी मोडल्या म्हणून कारवाई करायचं सगळ्यात मोठं हत्यार त्यांच्याच हातात असतं. अशा संस्थांना एएसबीबद्दलचं त्यांचं धोरण लेखी जाहीर करावं लागतं, ते मागून घ्या आणि वाचा.

माझं मत विचाराल तर तिघांनाही कळवा. टोलवाटोलवी सगळ्यात जास्त इथेच होते, पोलिस म्हणतात ही कौन्सिलची बाब, कौन्सिल म्हणतं पोलिसांना सांगा, हाउसिंगवाले म्हणतात क्राइम नंबर (पोलिस तक्रारीचा नंबर) आणा, आणि तक्रार करणारी बाई दर आठवड्याला तीन ठिकाणी तीच कहाणी पहिल्यापासून सांगत बसते. प्रत्येक ठिकाणी सांगितलंत की आधी दुसरीकडे काय नंबर मिळाला तो पण द्या.

पुरावा काय लागतो? आमच्याकडे तर काहीच नाही.

डायरी. आजपासून सुरू करा. तारीख, किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, नेमकं काय झालं, कोण होतं, कोणी बघितलं, तुमच्यावर काय परिणाम झाला, कोणाला कळवलं आणि कुठला रेफरन्स नंबर मिळाला. शेवटचे दोन मुद्दे लोक हमखास विसरतात. "नेहमीच त्रास देतात" असं लिहिलं तर अधिकाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, "मंगळवारी रात्री ११.४० ते २.१५ म्युझिक, धाकटी तीनदा उठली, सकाळी शाळेत गेली नाही" असं लिहिलं तर त्याला फाईलमध्ये घालायला काहीतरी मिळतं. कौन्सिल स्वतःची डायरी शीट देतं, ती मिळेपर्यंत साध्या वहीत लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल, नंतर भाषांतर करता येतं, पण त्याच रात्री लिहा.

आवाजासाठी बरीच कौन्सिलं मोबाईल ॲप वापरतात, त्यात छोटी रेकॉर्डिंग करून थेट पाठवता येतात. काही ठिकाणी तुमच्या घरात रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवून जातात किंवा अधिकारी रात्री येऊन ऐकतो. आवाज अमुक इतक्या डेसिबलच्या वर गेला की उपद्रव, असा ठरलेला आकडा कायद्यात नाहीये, त्यामुळे मोबाईलवर डेसिबल मोजून स्क्रीनशॉट पाठवण्यापेक्षा किती वेळ, किती वाजता, किती वेळा हे जास्त कामाचं. रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेतला आवाज अर्थातच जास्त गंभीर धरतात, पण दिवसाचा आवाज चालतो असं मुळीच नाही.

डॉक्टरांनाही सांगा. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, मुलगा अंथरूण ओलं करायला लागला, हे जीपीच्या रेकॉर्डवर असलं तर पुढे त्रास किती झालाय ते दाखवता येतं. आपल्याकडे असल्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जायचं लोकांना कसंतरी वाटतं, पण जा.

दारावर कॅमेरा लावला तर चालेल ना?

चालेल, पण तो कुठे बघतोय त्याकडे लक्ष द्या. तुमच्या हद्दीबाहेरचं, म्हणजे शेजाऱ्याची बाग, त्याचं दार, फुटपाथ असं रेकॉर्ड होत असेल तर डेटा प्रोटेक्शनचा कायदा तुम्हाला लागू होतो. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात डोअरबेल आणि कॅमेऱ्यांवरून शेजाऱ्यांची केस गेली होती आणि कॅमेरे लावणारा हरला, त्यात आवाजसुद्धा दूरपर्यंत रेकॉर्ड होतो हा मुद्दा होता. तेव्हा कॅमेरा आपल्या दाराकडे, आपल्या गाडीकडे वळवा, आवाज बंद करता येत असेल तर करा, रेकॉर्डिंग चालू आहे अशी पाटी लावा, आणि क्लिप ग्रुपवर टाकू नका, पोलिसांना द्या.

आधी शेजाऱ्याशी बोलून बघावं का?

भीती वाटत नसेल तर हो. शांतपणे, दिवसा, तो नशेत नसताना. कितीतरी वेळा समोरच्याला खरंच माहीत नसतं की त्याच्या टीव्हीची भिंत म्हणजे तुमच्या पाळण्याची भिंत आहे. जमत नसेल तर कौन्सिलला मीडिएशनबद्दल विचारा, तिसरा तटस्थ माणूस मध्ये बसतो. पण धमकी, मारहाण, वर्णद्वेषी शिव्या, ड्रग्ज यातलं काहीही असेल तर बोलायला जाऊ नका आणि मीडिएशनलाही नाही म्हणा, छळ होत असताना समोरासमोर बसायला कोणी सांगू नये. आणि उत्तर म्हणून आपणही भिंतीवर ठोकणं, आपलंही म्युझिक मोठं करणं, चार शिव्या घालणं, हे कितीही मनात आलं तरी नको, मग दोघांचं भांडण म्हणून केस बंद करायला कारण मिळतं.

तक्रार केली तर व्हिसावर किंवा पुढे आयएलआरवर (कायमचं राहायच्या परवानगीवर) परिणाम होईल का?

नाही. तुम्ही वैध व्हिसावर आहात आणि तुम्ही तक्रारदार आहात, पीडित आहात, तर पोलिसांत किंवा कौन्सिलमध्ये तक्रार करणं हा कुठलाही काळा डाग नाही. अर्जात तुमच्या स्वतःच्या गुन्ह्यांबद्दल विचारतात, तुम्ही केलेल्या तक्रारींबद्दल नाही. "परक्या देशात आलोय, पोलिसांचं झंझट नको" ही भावना मला अगदी कळते, घरी आपण तेच ऐकत वाढलो. पण इथे त्याचा परिणाम एवढाच होतो की कागदावर त्या घरात काही घडलेलंच नसतं, आणि कागदावर नाही म्हणजे कोणासाठीच नाही. तुम्ही कौन्सिल टॅक्स भरता, ही सेवा तुमची आहे.

इंग्रजीत फोनवर बोलायची भीती वाटत असेल तर पोलिसांकडे इंटरप्रिटर मागता येतो. मराठी लगेच मिळाला नाही तर हिंदी मिळायची शक्यता जास्त.

आम्ही तक्रार केली हे शेजाऱ्याला कळेल का? तो सूड घेईल अशी भीती वाटते.

नाव उघड करू नका असं पहिल्याच वेळी स्पष्ट सांगा. ते स्वतःहून नाव सांगत नाहीत, पण खरं सांगायचं तर भिंतीला भिंत लागून दोनच घरं असतील तर समोरचा अंदाज लावतोच. म्हणून अधिकाऱ्याला आधी विचारा की पत्र कधी जाणार, त्याच्याशी कोण कधी बोलणार, म्हणजे त्या रात्री तुम्ही तयार असाल. नंतर काही झालं तर ते लगेच कळवा, साक्षीदाराला धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो पोलिस जास्त गांभीर्याने घेतात. गल्लीतल्या आणखी घरांना त्रास असेल तर त्यांनाही स्वतंत्र तक्रार करायला सांगा, एका सहीखाली वीस नावं यापेक्षा वीस जणांच्या वीस तक्रारी चांगल्या.

सगळं केलं, महिने गेले, काहीच होत नाही. आता ते केस रिव्ह्यू म्हणजे काय?

हाच खरा मुद्दा, म्हणून जरा सविस्तर.

अँटी-सोशल बिहेवियर, क्राइम अँड पोलिसिंग ॲक्ट २०१४, त्याच्या कलम १०४ मध्ये हा हक्क आहे. ऑक्टोबर २०१४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू आहे. तुम्ही अर्ज केला आणि तुमच्या भागाने ठरवलेली किमान अट पूर्ण होत असेल तर कौन्सिल, पोलिस, स्थानिक एनएचएसची संस्था आणि तिथली सोशल हाउसिंग देणारी संस्था यांना एकत्र येऊन तुमची केस तपासावीच लागते. इच्छा असेल तर वगैरे नाही. पुढे काय करायचं याच्या शिफारसी काढायच्या आणि तुम्हाला कळवायच्या, हेही कायद्यात आहे.

किमान अट प्रत्येक भागाची वेगळी असते पण सरकारच्या मार्गदर्शनानुसार ती सहा महिन्यांत तीन तक्रारी यापेक्षा कडक ठेवता येत नाही. तीन तक्रारी एकाच ठिकाणी हव्यात असंही नाही, एक पोलिसांत, एक कौन्सिलमध्ये, एक हाउसिंग असोसिएशनकडे अशा मिळून तीन चालतात. काही भाग त्रास किती गंभीर आहे, किती दिवस चाललाय, आधी मिळालेला प्रतिसाद पुरेसा होता का हेही बघतात, आणि वर्णद्वेषी किंवा अपंग माणसाला होणारा त्रास असेल तर काही ठिकाणी एका तक्रारीवरही घेतात.

आता त्यात एक अट आहे जिच्यामुळे चांगल्या चांगल्या केसेस अडकतात. घटना घडल्यापासून एक महिन्याच्या आत तक्रार केलेली असली पाहिजे आणि तक्रार केल्यापासून सहा महिन्यांच्या आत रिव्ह्यूचा अर्ज. म्हणजे "दोन वर्षं सहन केलं" याने अट पूर्ण होत नाही, दोन वर्षांत वेळच्या वेळी किती कळवलं ते मोजतात. म्हणूनच मी वर सारखं सारखं सांगतेय की प्रत्येक वेळी कळवा, "आता पुन्हा काय तेच तेच सांगायचं" असं वाटलं तरी कळवा, तेच तेच असणं हाच इथे पुरावा आहे.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

कौन्सिलच्या वेबसाइटवर एएसबी केस रिव्ह्यू असं शोधा, नाही सापडलं तर कम्युनिटी ट्रिगर असं शोधा, बऱ्याच ठिकाणी जुनंच नाव आहे. प्रत्येक भागाने अर्ज कुठे करायचा ते जाहीर करायलाच हवं. पैसे लागत नाहीत. तुमच्या संमतीने तुमच्या वतीने दुसरं कोणीही करू शकतं: मुलगा, मैत्रीण, नगरसेवक, खासदार. घरात कोणाला फॉर्म भरणं जमत नसेल तर हे लक्षात ठेवा.

अर्जात पाल्हाळ नको. तीन तक्रारींच्या तारखा, कोणाला केल्या, रेफरन्स नंबर, त्यावर काय झालं किंवा झालं नाही हे वर लिहा. मग त्रासाचा परिणाम: झोप, नोकरी, मुलांची शाळा, आजार. घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, ऑटिझम असलेलं मूल, एकटी राहणारी बाई असेल तर ते अगदी ठळक लिहा, आपण घरातल्या अडचणी बाहेर सांगायला संकोचतो आणि नेमकी तीच गोष्ट केस किती तातडीची आहे ते ठरवते. शेवटी तुम्हाला काय हवंय ते. "न्याय हवा" असं नको, "रात्री ११ नंतर आवाज बंद व्हावा, त्याला लेखी वॉर्निंग द्यावी, आमच्याशी एकच ठरावीक अधिकारी बोलावा" असं.

मीटिंगमध्ये आम्हाला बसू देतात का?

पूर्ण मीटिंगमध्ये नाही, कारण समोरच्या माणसाची खासगी माहिती तिथे बोलली जाते. पण तुम्ही किंवा तुमच्या वतीने कोणीतरी येऊन झालेला परिणाम सांगावा यासाठी बोलवावं असं मार्गदर्शन आहे, तेव्हा अर्जातच लिहा की मला बोलायचंय, जमत नसेल तर एक पानाचं निवेदन द्या. आणि ज्या अधिकाऱ्याने तुमची केस हाताळली तोच अध्यक्ष असेल तर आक्षेप घ्या.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे निराशा नको. रिव्ह्यू म्हणजे कोर्ट नाही. त्यातून निघालेल्या शिफारसींचा विचार करायचं बंधन त्या संस्थांवर आहे, त्या पाळायचं बंधन नाही. तरीही माझा यावर विश्वास आहे, कारण जे लोक इतके दिवस एकमेकांकडे बोट दाखवत होते ते पहिल्यांदा एका टेबलावर बसतात, आणि पोलिसांकडची माहिती आणि कौन्सिलकडची माहिती शेजारी शेजारी ठेवली की केस एकदम वेगळी दिसते.

हा कायदा आला कसा?

लेस्टरशायरमधल्या बारवेल गावातल्या फिओना पिल्किंग्टन या आईमुळे. तिची मुलगी अपंग होती, आणि गल्लीतली पोरं वर्षानुवर्षं त्या घराला छळत होती, दगड, शिव्या, टोमणे. तिने पोलिसांना ३३ वेळा कळवलं. प्रत्येक तक्रार सुटी, किरकोळ म्हणून बघितली गेली, कोणी सगळ्या एकत्र जोडून बघितल्याच नाहीत. ऑक्टोबर २००७ मध्ये तिने मुलीसह आयुष्य संपवलं. २००९ च्या चौकशीत ज्युरीने सांगितलं की पोलिस आणि कौन्सिलच्या ढिसाळपणाचा त्या मृत्यूंमध्ये वाटा होता. तीन तक्रारी झाल्या की सगळ्यांनी एकत्र बसायचं, हा नियम अशा अनुभवांतून आलाय, त्यामुळे "तुमचं किरकोळ आहे" असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका.

आणि वाचता वाचता कोणाला वाटत असेल की आपलंही आता सहन होण्यापलीकडे गेलंय, तर समॅरिटन्सना (मनाला आधार देणारी हेल्पलाइन) ११६ १२३ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास आहे. तक्रारीचं नंतर बघू.

पोलिस आणि कौन्सिल नक्की करू काय शकतात त्रास देणाऱ्या माणसाचं?

बरंच. आधी बहुतेक तोंडी किंवा लेखी समज, किंवा नीट वागेन असा लेखी करार. मग कम्युनिटी प्रोटेक्शन नोटीस, ही कौन्सिल, पोलिस, काही ठिकाणी हाउसिंग असोसिएशनही देऊ शकते, त्याआधी लेखी वॉर्निंग द्यावी लागते, आणि नोटीस मोडली तर कोर्टात २,५०० पौंडांपर्यंत दंड. ही नोटीस स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यालाही देता येते, "तो मालक आहे, आम्ही काय करणार" हे उत्तर बरोबर नाही. आवाजासाठी १९९० च्या एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्टखाली अबेटमेंट नोटीस, ती मोडली तर खटला आणि स्पीकर, ॲम्प जप्त. त्याच्या वर सिव्हिल इंजंक्शन, म्हणजे अमुक करायचं नाही असा कोर्टाचा हुकूम, तो मोडला तर मोठ्या माणसाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एखादं घर ड्रग्जचा अड्डाच झालं असेल तर मॅजिस्ट्रेट कोर्टातून क्लोजर ऑर्डर घेऊन ते तीन महिन्यांपर्यंत बंद करता येतं, वाढवून जास्तीत जास्त सहा. घरातून बाहेर काढणं हे अगदी शेवटचं, त्याला पुरावा आणि वेळ दोन्ही लागतं.

कौन्सिल आवाजाबद्दल काहीच करत नसेल तर त्याच १९९० च्या कायद्याच्या कलम ८२ खाली तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊ शकता, वकील लागतोच असं नाही, पण त्यासाठीही डायरीच लागते.

रिव्ह्यू नाकारला किंवा निकाल पटला नाही तर?

आधी नकाराचं कारण लेखी मागा. मग त्यांच्या नियमांमध्ये अपील कोणाकडे ते बघा, बऱ्याच भागांत पोलिस अँड क्राइम कमिशनरचं ऑफिस ते बघतं. त्याशिवाय ज्याची चूक त्याची तक्रार: कौन्सिलची तक्रार आधी कौन्सिलच्याच तक्रार प्रक्रियेत आणि मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनकडे (ऑम्बड्समन म्हणजे अशा तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी), साधारण बारा महिन्यांच्या आत. वेल्समध्ये पब्लिक सर्व्हिसेस ऑम्बड्समन. इंग्लंडमधली हाउसिंग असोसिएशन असेल तर हाउसिंग ऑम्बड्समन. पोलिसांची तक्रार त्यांच्या प्रोफेशनल स्टँडर्ड्स विभागाकडे. ऑम्बड्समन शेजाऱ्याला शिक्षा करत नाही, पण कौन्सिलने काम नीट केलं नाही असं ठरलं तर माफी, नुकसानभरपाई आणि पुन्हा नीट तपास करायला सांगतो.

नगरसेवक आणि खासदाराला विसरू नका. दर काही आठवड्यांनी त्यांची सर्जरी, म्हणजे लोकांना भेटायची ठरलेली वेळ असते, तिथे जाऊन भेटायचं. एका खासदाराच्या पत्राने जी फाईल हलते ती तुमच्या दहा ईमेल्सने हलत नाही, आणि तुम्ही मतदार आहात का असा प्रश्न मनात आणू नका, त्यांच्या मतदारसंघात राहता एवढं पुरे. तसं पाहिलं तर कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर वैध व्हिसा असलेले लोक इथे मतदानही करू शकतात, नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा.

"गो बॅक होम" असं ओरडतात, बाकी काही करत नाहीत. हे सांगण्यासारखं आहे का?

आहे. हे हेट इन्सिडेंट आहे, आणि त्यात धमकी, तोडफोड, मारहाण आली तर हेट क्राइम. तुम्हाला ते वर्णामुळे किंवा धर्मामुळे झालं असं वाटत असेल तर कळवताना "आय वाँट धिस रेकॉर्डेड ॲज अ हेट क्राइम" हे वाक्य तसंच्या तसं म्हणा. तुम्हाला तसं का वाटलं याचा पुरावा त्या क्षणी द्यावा लागत नाही. १९९८ च्या क्राइम अँड डिसॉर्डर ॲक्टपासून वंशद्वेषातून केलेल्या छळ, मारहाण, तोडफोडीला जास्त कडक शिक्षा आहे. मुलांना शाळेच्या वाटेवर असं कोणी बोलत असेल तर शाळेलाही सांगा.

त्रास देणारा खासगी भाडेकरू आहे, त्याचा लँडलॉर्ड लक्ष देत नाही.

खासगी लँडलॉर्डवर भाडेकरूच्या वागण्याची तशी थेट जबाबदारी फार कमी असते, पण घर लायसन्सखाली असेल, म्हणजे खूप जण मिळून राहतात ते एचएमओ किंवा त्या भागात सिलेक्टिव्ह लायसन्सिंग (ठरावीक भागातल्या भाड्याच्या घरांना कौन्सिलचं लायसन्स लागतं ती योजना) असेल, तर लायसन्सच्या अटींमध्ये एएसबी आवरणं असू शकतं. कौन्सिलच्या वेबसाइटवर लायसन्सची यादी असते. मालक कोण ते माहीत नसेल तर लँड रजिस्ट्रीवर थोडी फी भरून नाव मिळतं.

आमचं स्वतःचं घर आहे. तक्रार केली तर विकताना अडचण येते म्हणतात.

हे खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. घर विकताना जो प्रॉपर्टी इन्फर्मेशन फॉर्म भरतात, टीए६, त्यात शेजाऱ्यांशी वाद किंवा तक्रारी आहेत का असं विचारतात आणि खोटं लिहिलं तर खरेदीदार नंतर तुमच्यावर दावा करू शकतो. पण नीट बघा, तो फॉर्म वादाबद्दलही विचारतो, फक्त लेखी तक्रारीबद्दल नाही, त्यामुळे गप्प बसून सहन केलं तरी प्रश्न सुटत नाही. मिटलेली तक्रार खरेदीदाराला समजावून सांगता येते, चालू असलेला छळ नाही. सहा महिन्यांत विकायचंच असेल तर सॉलिसिटरशी आधी बोला, नाहीतर तक्रार करा असंच मी सांगेन.

आमच्याविरुद्धच तक्रार आलीये, फोडणीचा वास आणि गणपतीतल्या आरत्यांचा आवाज. आता?

घाबरू नका. घरच्या स्वयंपाकाचा वास हा १९९० च्या कायद्याखाली उपद्रव धरत नाहीत, वासाचं ते कलम धंद्याच्या जागांसाठी आहे. कोणी त्यावरून सारखं येऊन शिव्या देत असेल तर तोच त्रास देतोय, वरचा हेट इन्सिडेंटचा प्रश्न वाचा. आवाजाचं मात्र तसं नाही. दिवसा अर्धा तास आरती, टाळ, घंटा याला कोणी काही म्हणत नाही, पण बागेत ढोल-ताशा रात्री अकराला चालला तर तक्रार करणाऱ्याची बाजू बरोबर असते आणि हे आपण मान्य करायला हवं. आधी चिठ्ठी टाका, वेळ सांगा, बोलावून घ्या, मोदक द्या. पत्र आलं असेल तर दुर्लक्ष करू नका, लेखी उत्तर द्या आणि काय बदल केला ते सांगा.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, दिवसभर आम्ही ऑफिसात, त्रास त्यांना होतो. ते तक्रार करू शकतात?

हो, व्हिजिटर व्हिसावर असले तरी. आईला होणारा त्रास हाही तुमच्या घराला होणारा त्रासच, डायरीत तिच्या नावाने नोंद करा, तिने मराठीत सांगितलेलं तुम्ही लिहा आणि "आईने सांगितलं" असं स्पष्ट म्हणा. दाराशेजारी मोठ्या अक्षरात घराचा पत्ता, पोस्टकोड आणि ९९९ लिहून ठेवा, घाबरल्यावर पोस्टकोड कोणालाच आठवत नाही. "पोलिस, हेल्प, मराठी" एवढं बोलता आलं तरी पुरतं, पुढचं इंटरप्रिटर बघतो.

आम्ही स्कॉटलंडमध्ये आहोत, हे सगळं लागू आहे का?

केस रिव्ह्यू नाही. तिथे २००४ चा वेगळा अँटी-सोशल बिहेवियर कायदा आहे, तक्रार कौन्सिल आणि पोलिस स्कॉटलंडकडेच करायची, ९९९ आणि १०१ तेच, डायरीचं सगळं तसंच. नॉर्दर्न आयर्लंडचे नियमही वेगळे, तिथे आधी कौन्सिलला किंवा हाउसिंग एक्झिक्युटिव्हला विचारा.